फुटलेल्या कानाला नवा पडदा

पाऊस ओसरून किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या पुन्हा पाण्यात गेल्या, की कान-नाक-घशाच्या दवाखान्यात दोन तऱ्हेचे रुग्ण वाढतात. एक म्हणजे पावसाळाभर कान वाहत असूनही लावणी, मग गणपती, मग कापणी अशा धावपळीत 'बघू नंतर' म्हणून थांबलेले. दुसरे अलीकडच्या वर्षांतले, पाण्याखाली बुडी मारून कान धरून आलेले. दांडीकडचा एकोणीस वर्षांचा एक तरुण दोन्ही तऱ्हांत बसत होता.

घरचा धंदा रापणीचा. रापणीवर आता पूर्वीसारखे भागत नाही, म्हणून मुलगा पर्यटकांना समुद्राखालचे प्रवाळ दाखवणाऱ्या होडीवर कामाला लागला होता. आधी दोर धरणे, सिलिंडर उचलणे. पण पैसे पाणबुड्याच्या कामात. ते शिकायला म्हणून तो इतर मुलांबरोबर पाण्यात उतरला. तीन-चार मीटरवर बाकीच्यांचे कान दाबल्यासारखे दुखू लागले. याचा डावा कान अजिबात दुखला नाही. आपल्याला हे काम जमणार असे वाटते न वाटते तोच समुद्र त्याच्याभोवती गरगर फिरू लागला. वर कुठे आणि खाली कुठे हेच कळेना. सोबतच्या जाणत्या माणसाने ओळखले आणि धरून वर आणले म्हणून निभावले.

"डॉक्टरांनू, ह्याचो कान ल्हानपणापासून व्हावता," त्याची आई सांगत होती. "तेल घातला, लसूण घातली, काय थांबाक नाय. आता ह्या नवीन काय झाला?"

नवीन काही झाले नव्हते. पडद्याला भोक जुनेच होते, आणि कान दुखला नाही तो त्या भोकामुळेच. पडदा धड असला की खोल जाताना पाण्याचा दाब त्यावर पडतो व तो आत ढकलला जाऊन दुखतो. भोक असले की दाब बाहेर-आत सारखाच होतो, त्यामुळे दुखत नाही. पण पाणी थेट मधल्या कानात शिरते. तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका तिथून अगदी जवळ असतात. त्यांतल्या एकीला एकाच बाजूने अचानक गार पाण्याचा स्पर्श झाला की मेंदूला वाटते आपण फिरत आहोत. जमिनीवर अशी भोवळ आली तर माणूस बसून घेईल. दहा हात पाण्याखाली बसायचे कुठे?

तबकडीएवढा नव्हे, नखाएवढा

कानाचा पडदा म्हणजे काय, याविषयी फार गैरसमज आहेत. कोणाला तो मोठ्या ढोलाच्या चामड्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो करंगळीच्या नखाएवढा असतो. उंची नऊ-दहा मिलिमीटर, रुंदी त्याहून थोडी कमी आणि जाडी मिलिमीटरचा सुमारे दहावा भाग. एवढ्याशा जाडीतही तीन थर आहेत. बाहेरून त्वचा, आतून श्लेष्मल पडदा आणि मध्ये तंतूंचा मजबूत थर. या मधल्या थरामुळे पडदा ताठ राहतो. जुने भोक कधी कधी आपोआप बंद होते, पण तिथे हा मधला थर बहुधा परत येत नाही, म्हणून ती जागा पातळ, लोंबती राहते.

पडद्यामागे हवेने भरलेली छोटी पोकळी असते. तिच्यात शरीरातली सर्वांत लहान तीन हाडे एकमेकांना जोडलेली असतात. आकारावरून त्यांना हातोडा, ऐरण आणि रिकीब म्हणतात. आवाजाने पडदा थरथरला की ही साखळी हलते आणि रिकिबीचा तळवा आतल्या कानाच्या खिडकीवर दाब देतो. पडद्याचा थरथरणारा भाग त्या तळव्याच्या सुमारे १७ पट मोठा आहे. त्यात हाडांच्या तरफेची भर पडून आतल्या कानापर्यंत पोहोचणारा दाब जवळजवळ २२ पट होतो. हवेतला आवाज आतल्या कानातल्या पाण्यात उतरवायचा तर एवढी वाढ लागतेच. पाण्यात डोके घातल्यावर किनाऱ्यावरचे बोलणे ऐकू येत नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही मुलाला ठाऊक आहे.

पडद्याला भोक पडले की ही वाढ घटते. भोक बारीक असेल तर फरक जाणवतही नाही. मोठे असेल तर श्रवण ४० डेसिबलपर्यंत कमी होऊ शकते, म्हणजे कुजबूज तर नाहीच, बेताच्या आवाजातले बोलणेही नीट कळत नाही. साखळी तुटली असेल तर तूट त्याहूनही जास्त. वर्गात मागच्या बाकावर बसणारा, दोनदा हाक मारल्यावर 'ओ' देणारा मुलगा दुर्लक्ष करतो म्हणून मार खातो. त्याच्या कानात एकदा कोणी डोकावले तर बरे, असे मला नेहमी वाटते.

कान फुटला म्हणजे नेमके काय?

आपल्या भाषेत 'कान फुटणे' याचे दोन अर्थ आहेत. पडदा फाटला तरी कान फुटला, आणि कानातून पू आला तरी कान फुटलाच. दोन्ही गोष्टी बहुधा एकत्र चालतात म्हणून शब्दही एकच राहिला असावा. पण उपचारांसाठी फरक करावा लागतो.

कानशिलात बसलेली चपराक, जवळ फुटलेला मोठा फटाका, कानकोरणे किंवा केसांची पिन आत घालत असताना मागून लागलेला धक्का, अशा कारणांनी धड पडदा अचानक फाटतो. जोरात कळ येते, थोडे रक्त येते, दडे बसल्यासारखे होते. अशा ताज्या भोकांपैकी बहुतेक दोन-तीन महिन्यांत आपोआप भरून येतात. उपचार एकच, कान कोरडा ठेवणे. पू नसेल तर थेंबसुद्धा घालायचे नाहीत. 'काहीच औषध नाही दिले' म्हणून नाराज होऊन लोक दुसरीकडे जातात आणि तिथे कान धुऊन घेतात, तेव्हा मात्र काम बिघडते.

लहानपणापासून वाहणाऱ्या कानाची गोष्ट वेगळी आहे. त्याची सुरुवात बाहेरून नव्हे, घशाकडून होते. नाकाच्या मागून मधल्या कानात एक नळी जाते. तिला यूस्टेशियन नळी म्हणतात. लहान मुलांत ती आखूड आणि आडवी असते. सर्दी, वाढलेले ॲडेनॉइड, निजवून पाजलेले दूध यांतून जंतू त्या वाटेने वर चढतात, मधल्या कानात पू साठतो आणि पडदा फोडून बाहेर येतो. आजार वेळीच आवरला तर भोक बुजते. वारंवार झाला तर त्याची कड जुनी, कठीण होऊन भोक कायमचे राहते. विहिरीत पोहल्याने किंवा पाणी गेल्याने कान फुटला असे आपण म्हणतो ते अर्धवट खरे आहे. पाण्याने धड पडदा फुटत नाही. आधीच फुटलेला कान पाण्याने वाहू लागतो, इतकेच.

वाहणाऱ्या कानाचेही दोन प्रकार आहेत, आणि हा भेद वाचकांनी जरूर लक्षात ठेवावा. पहिल्या प्रकारात भोक पडद्याच्या मधल्या भागात असते. स्राव पातळ, चिकट, बहुधा वास नसलेला; सर्दी झाली की वाढतो, मग थांबतो. याला डॉक्टर 'सुरक्षित' प्रकार म्हणतात, म्हणजे जिवाला सहसा धोका नाही. दुसऱ्या प्रकारात भोक पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात किंवा कडेला असते आणि तिथून त्वचा आत शिरून साठत जाते. मोत्यासारखा पांढरा गोळा तयार होतो. त्याला कोलेस्टिॲटोमा म्हणतात. तो हाड खातो. स्राव थोडाच असतो, पण घाण वास येतो. असा कान वर्षानुवर्षे दुखत नाही म्हणून फसवा असतो. चेहऱ्याची नस, आतला कान आणि मेंदूचे आवरण ही सगळी एका पातळ हाडापलीकडे असतात. तोंड वाकडे होणे, चक्कर येणे, तापाबरोबर डोके प्रचंड दुखणे यांपैकी काही झाले तर तो दिवस वाट पाहण्याचा नव्हे.

खोबरेल तेल आणि लसणीविषयी एकदा स्पष्ट लिहावेसे वाटते. पडदा धड असताना कोमट तेलाने मळ मऊ होतो, हे खरे. पण भोक असलेल्या कानात तेल गेले की ते मधल्या कानात जाऊन बसते, आणि आपल्या दमट हवेत त्यावर बुरशीही धरते. पावसाळ्यात ओल्या वर्तमानपत्रासारखी काळी-पांढरी बुरशी कानातून काढणे हे आमचे नित्याचे काम आहे. दुकानातून आपल्या मनाने आणलेले थेंबही धोक्याचे. जेंटामायसिनसारखी काही औषधे भोकातून आतल्या कानापर्यंत पोहोचून ऐकण्याला आणि तोलाला इजा करू शकतात. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे अधिक सुरक्षित थेंब आहेत, पण कान आधी साफ केलेला असेल तरच तेही उपयोगी पडतात.

जुने उपाय, जुनी ठिगळे

कान हे शस्त्रकर्माचे आपल्याकडचे फार जुने क्षेत्र. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात फाटलेली कानाची पाळी जोडण्याचे पंधरा प्रकार सांगितले आहेत. मात्र ते काम बाहेरच्या कानाचे. अंधाऱ्या, बोटभर खोल नळीच्या टोकाला असलेल्या नखाएवढ्या पडद्यावर टाका घालणे प्राचीन काळी कोणालाच शक्य नव्हते. आजही तिथे टाका घालत नाहीत.

भोक बुजवण्याचा पहिला लिखित प्रयत्न १६४० सालचा, जर्मनीतील मार्कुस बान्झर याचा. एल्क या मोठ्या हरणाच्या खुरापासून केलेल्या नळीच्या टोकाला डुकराच्या मूत्राशयाचे कातडे ताणून त्याने ती कानात बसवली. १८५३ मध्ये लंडनच्या जोसेफ टॉइनबी याने चांदीच्या तारेवर रबराची चकती लावून कृत्रिम पडदा केला. हा टॉइनबी १८६६ मध्ये कानात वाजणाऱ्या आवाजावर उपाय शोधताना स्वतःवरच विषारी वाफांचा प्रयोग करून मरण पावला. अमेरिकेतल्या ब्लेक याने भोकावर कागदाचे ठिगळ लावले. ते आजही कामाला येते. ताज्या, लहान भोकाच्या कडांना डाग देऊन पातळ कागद लावला की त्याच्या आधाराने त्वचा सरकत जाऊन भोक भरते.

रुग्णाच्याच शरीरातला तुकडा लावण्याची कल्पना जर्मनीच्या बर्टोल्डने १८७८ मध्ये अमलात आणली. त्याने त्वचा वापरली. पण ती कल्पना पुढे सत्तरएक वर्षे पडून राहिली, कारण दोन गोष्टी नव्हत्या. एक जंतुनाशक औषधे, दुसरी दृष्टी. स्वीडनच्या नायलेनने १९२१ मध्ये कानाच्या शस्त्रक्रियेत प्रथम सूक्ष्मदर्शक वापरला. दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल असा झाईस कंपनीचा शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक १९५३ मध्ये आला. त्याच सुमारास, १९५२-५३ मध्ये, वुल्स्टाइन आणि झोल्नर या दोन जर्मन शल्यचिकित्सकांनी पडदा व हाडांची साखळी पुन्हा उभारण्याची पद्धतशीर मांडणी केली. टिम्पॅनोप्लास्टी हे नाव तेव्हापासून रुळले.

त्यांनीही सुरुवातीस त्वचाच लावली, आणि ती बऱ्याचदा फसली. त्वचेचे कामच पापुद्रे टाकण्याचे. बंद जागेत पापुद्रे साठले, कुजले, कान पुन्हा वाहिला. मग शीर लावून पाहिली. अखेर ज्या पदार्थावर जगभरातल्या सर्जनांचे एकमत झाले तो कानाच्या दोन बोटे वरच सापडला. आपण चावतो तेव्हा कानशिलावर जो स्नायू हलतो, त्यावरचे पांढरे आवरण. जर्मनीच्या हेर्मानने १९५८ मध्ये त्याचा वापर प्रसिद्ध केला.

आपल्याकडच्या माणसांना कान 'करून' घ्यायचा तर पूर्वी मुंबईच गाठावी लागे. लालबाग-परळच्या चाकरमानी भावाकडे महिनाभर मुक्काम, आणि रुग्णालयात हेलपाटे. टोपीवाला हे नाव मालवणकरांना हायस्कुलामुळे घरचे आहे. मुंबईत नायर रुग्णालयाशी जोडलेले वैद्यकीय महाविद्यालयही टोपीवाला यांच्याच नावाचे. तिथल्या कान-नाक-घसा विभागाला डॉ. एल. एच. हिरानंदानी यांनी नाव मिळवून दिले. त्यांना १९७२ मध्ये पद्मभूषण मिळाले होते.

प्रत्यक्ष काय करतात?

शस्त्रक्रियेपूर्वी कान काही आठवडे कोरडा असावा, अशी बहुतेक सर्जनांची पसंती असते. सायनस, ॲडेनॉइड, ॲलर्जी यांचे आधी पाहावे लागते. नाक बिघडलेले असेल तर नवा पडदाही त्याच वाटेने जातो. कंपनकाट्याची तपासणी आणि ऑडिओमेट्री हवीच. आतली नसच दुबळी असेल तर पडदा लावून कान कोरडा होईल, पण ऐकू येणे वाढणार नाही, हे रुग्णाला आधी माहीत असले पाहिजे. दोन्ही कान फुटलेले असतील तर सहसा कमी ऐकू येणारा कान आधी करतात. मुलांच्या बाबतीत बरेच सर्जन सात-आठ वर्षांपर्यंत थांबतात, कारण त्याआधी सर्दीचा उपद्रव फार.

मोठ्या माणसाला बहुधा जागेवरची भूल पुरते. लिग्नोकेन आणि रक्तस्राव कमी करणारे ॲड्रेनलिन यांचे इंजेक्शन कानाभोवती देतात. रुग्ण गुंगीत पण जागा असतो, आमच्या या तरुणाने तर मध्येच विचारले, "भरती किती वाजता हा?" मुलांना पूर्ण भूल लागते.

कानाच्या मागे, केसांच्या रेषेजवळ अर्धचंद्राकृती छेद घेऊन कानशिलाच्या स्नायूवरच्या आवरणाचा रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा काढतात. त्याला चिकटलेले स्नायूचे धागे खरवडून तो पसरून सुकू देतात. सुकला की तेलकट कागदासारखा होतो आणि हवा तसा कापता येतो. या तुकड्याची जाडी पडद्याच्या जवळपास असते, त्याची भूक कमी असते, म्हणजे रक्तपुरवठा सुरू होईपर्यंत तो तग धरतो. खरे तर तो जगला नाही तरी चालते. भोकावर तो मांडवासारखा पसरून राहिला की मूळ पडद्याची त्वचा बाहेरून आणि श्लेष्मल थर आतून त्यावर वेलासारखे चढतात.

यापुढचे सगळे सूक्ष्मदर्शकाखाली. पहिले काम दिसायला उलटे वाटते: भोक बुजवण्यापूर्वी ते थोडे मोठे करतात. जुन्या भोकाच्या कडेवरची त्वचा आत वळून आतल्या थराला मिळालेली असते. शरीराच्या दृष्टीने तिथली जखम केव्हाच 'बरी' झालेली असते. ती कड गोल कापून काढली, ताजे रक्त दिसले, की शरीराला पुन्हा कळते की इथे भरून काढायचे आहे. ही पायरी घाईत उरकली तर बाकी कितीही सुबक केले तरी तुकडा धरत नाही.

मग कानाच्या नळीची त्वचा पडद्याच्या मागच्या अर्ध्या भागासकट पानासारखी उचलून पुढे उलटतात. आता मधला कान उघडा दिसतो. हाडांची साखळी हलते की नाही, हे बारीक सुईने हलवून पाहतात. जिलेटिनचे विरघळणारे स्पंज मधल्या कानात भरून गादी करतात, त्यावर तुकडा पसरतात. तो हातोड्याच्या दांड्याखालून घालून सगळीकडे भोकाच्या कडेच्या आत दोन-तीन मिलिमीटर सरकवतात, आणि उचललेले पान परत त्यावर घालतात. याला आतून लावणे म्हणतात. टाका नाही, डिंक नाही. खालून-वरून स्पंजचा दाब आणि शरीराचा ओलावा, एवढ्यावर तो बसतो. गोधडीला आतून ठिगळ लावतात तसेच, फक्त सुई-दोरा नाही.

दुसरी रीत बाहेरून लावण्याची. पडद्यावरची त्वचा पूर्ण सोलून काढायची, मधल्या तंतूंच्या थरावर तुकडा ठेवायचा आणि त्यावर त्वचा परत घालायची. मोठ्या आणि पुढच्या बाजूच्या भोकांना ही चांगली, कारण आतून लावताना पुढची कड मधल्या कानात घसरून पडण्याची भीती असते. पण त्वचेचा एखादा कण तुकड्याखाली राहिला तर तिथे मोती धरतो; शिवाय पडदा हातोड्यापासून सुटून बाहेर सरकण्याचा धोका. मग पडदा दिसायला सुरेख, पण ऐकू मात्र कमी. माझ्या मते शिकाऊ हातांनी आतूनच लावावे. अनुभवी सर्जन भोक पाहून ठरवतो.

फार लहान भोकासाठी एवढा खटाटोप लागत नाही. कानाच्या पाळीतली, जिथे कुड्या घालतात तिथली, चिमूटभर चरबी काढून भोकात बुचासारखी बसवली तरी भागते. उलट संपूर्ण पडदाच गेलेला, किंवा एकदा शस्त्रक्रिया फसलेली, किंवा घशाकडची नळी कामच करत नाही, अशा कानांत पातळ आवरण आत ओढले जाते. तिथे कानाच्या पुढच्या उंचवट्यातली किंवा शिंपल्यातली कूर्चा वापरतात. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत पातळ केली तर ऐकण्यात फारसा फरक पडत नाही, आणि ती सहज आत बसत नाही. तिच्यातून पलीकडचे दिसत नाही, हा तोटा.

साखळी तुटलेली असली तर बहुतेक वेळा ऐरणीचे लांब टोक गळलेले असते. तीच ऐरण काढून, कोरून, रिकीब आणि हातोडा यांच्यामध्ये बसवतात. नाही तर कूर्चेचा तुकडा किंवा टायटॅनियमचा बारीक खांब. मोत्याचा आजार असेल तर कानामागचे हाड पोखरून तो समूळ काढावाच लागतो. तिथे आधी जीव, मग ऐकणे, हा क्रम सर्जनही बदलू शकत नाही.

गेल्या काही वर्षांत दुर्बिणीतून, म्हणजे एंडोस्कोपने, कानाच्या नळीतूनच हे काम करण्याची पद्धत वाढली आहे. मागे छेद फारसा लागत नाही, कोपऱ्यातलेही दिसते. मात्र एक हात दुर्बीण धरण्यात जातो आणि रक्त आले की पंचाईत होते. जाहिरातीत 'बिनटाक्याचे' असे वाचून कोणी तोच आग्रह धरू नये. हात कोणाचा, हे अधिक महत्त्वाचे.

दहापैकी आठ-नऊ कानांत पडदा धरतो. उरलेल्यांत सहसा जंतुसंसर्गाने वा सर्दीने तुकडा गळतो. सहा महिन्यांनी पुन्हा करता येते. जिभेच्या त्या बाजूला काही आठवडे गंज लागल्यासारखी चव येऊ शकते, कारण चवीची नस पडद्याच्या मागूनच जाते. ऐकणे पूर्वीपेक्षा कमी होणे, चेहऱ्याच्या नसेला इजा हे क्वचित, पण सहीच्या कागदावर ते का लिहिलेले असते हे विचारून घ्यावे.

नंतरचे तीन महिने

साधारण आठवड्याने मागचे टाके काढतात. कान आतून स्पंजने भरलेला असल्यामुळे 'आधीपेक्षा कमी ऐकू येते' अशी तक्रार घेऊन सगळेच येतात. स्पंज विरघळेपर्यंत धीर धरावा. नाक जोरात शिंकरायचे नाही. शिंक आली तर तोंड उघडून शिंकायचे, कारण बंद तोंडाची शिंक त्याच नळीतून वर जाऊन नवा पडदा उडवते. अंघोळीच्या वेळी व्हॅसलिन लावलेला कापूस. डोक्यावरून पाणी नाही, विहीर नाही, समुद्र नाही. रापण ओढणे, होडी ढकलणे, नारळाचे ओझे उचलणे सर्जन सांगेपर्यंत बंद. श्रवणाची तपासणी दोन-तीन महिन्यांनी.

खर्चाचे विचाराल तर राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कानाच्या काही शस्त्रक्रिया येतात. कोणत्या, आणि कोणत्या रुग्णालयात, हे तिथल्या आरोग्यमित्राला आधीच विचारावे. ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही झाले आहे. कित्येक जण सवयीने बांबोळी गाठतात. जाण्यापूर्वी शिधापत्रिका, आधार आणि जुने सगळे कागद बरोबर घ्यावेत. परराज्यातल्या रुग्णांना तिथे लागू असलेले नियम आधी समजून घ्यावेत. एका फेरीचा दिवस आणि मजुरी दोन्ही वाचतात.

आमच्या तरुणाचे भोक मधल्या भागात, मध्यम आकाराचे, साखळी शाबूत. आतून आवरण लावले. दहाव्या दिवशी तो खट्टू होता, हंगाम ऐन भरात आणि हा ओट्यावर. तिसऱ्या महिन्यात पडदा पूर्ण धरलेला दिसला. चाचणीत डावा कान उजव्याच्या बराच जवळ आला होता. घरी रेडिओचा आवाज आता आईच कमी करते, असे त्याने सांगितले.

त्याचा खरा प्रश्न मात्र वेगळा होता, आणि तो त्याने आई बाहेर गेल्यावर विचारला. डायव्हिंग करता येईल का? दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, आणि तो रोज पाच-सहा वेळा खाली-वर करणार. पोहण्याची परवानगी मी दिली. बुडीची दिली नाही. निदान अजून नाही. नाक धरून हलकेच फुंकल्यावर त्याचा नवा पडदा हलतो, म्हणजे नळी उघडते, ही जमेची बाजू. पण घशाच्या सर्दीत ती किती दिवस बंद राहते हे एक पावसाळा गेल्याशिवाय कळणार नाही. पाणबुड्यांच्या तपासणीचा अनुभव असलेल्या डॉक्टरचे मतही घ्यायचे ठरले आहे. तोवर तो होडीवरच आहे. पर्यटकांना पाण्यात सोडण्यापूर्वी 'कान कधी वाहिला होता का?' हे तो आता प्रत्येकाला विचारतो, आणि 'हो' म्हणणाऱ्याला सरळ वर बसवतो. मालकाची त्याबद्दल थोडी कुरकुर आहे म्हणे.